स्वतःचं अकाउंट-जीएसटीचं ऑफिस: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

हा लेख सीए नसलेल्या, पण चार-पाच वर्षं एखाद्या सीएकडे किंवा करसल्लागाराकडे काम करून आता स्वतःचं ऑफिस काढू पाहणाऱ्यांसाठी आहे. डोळ्यांसमोर तालुक्याचं गाव धरलं आहे: किराणा, हार्डवेअर, कृषी सेवा केंद्र, मेडिकल, ग्रामपंचायतीची कामं घेणारे छोटे ठेकेदार.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर या सगळ्यांना येतं, रिटर्नही भरता येतात. तरी दुसऱ्या वर्षी दमछाक होते, कारण क्रम चुकतो. आधी बोर्ड लागतो, मग भेटेल ती पार्टी घेतली जाते, फी 'नंतर बघू' म्हणून राहते आणि कागद येतात १० तारखेच्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या रिटर्नची, मुदत असते.

हा धंदा कागद कधी हातात येतो यावर चालतो. फी, करार, पार्टीची निवड, माणूस ठेवणं हे सगळं मी त्याच एका गोष्टीला बांधून लिहितो आहे. टप्पे याच क्रमाने घ्या.

## टप्पा १: काय करायचं आणि काय नाही, ते आधी लिहा

एका कागदाच्या दोन बाजू करा. डावीकडे तुम्ही करणार ती कामं: हिशेब लिहिणं, बँक ताळमेळ, जीएसटी रिटर्न, टीडीएसचे (पैसे देतानाच कापलेल्या कराचे) रिटर्न, ऑडिट न लागणाऱ्यांची आयकर विवरणपत्रं, व्यवसाय कर, उद्यम (लघुउद्योगांची) नोंदणी.

उजवीकडे जी करता येत नाहीत ती: टॅक्स ऑडिट, कंपनीचं ऑडिट, बँकेला लागणारं नेटवर्थचं प्रमाणपत्र. ही सीएचीच कामं. त्यांच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर यूडीआयएन हा ओळख क्रमांक असतो आणि बँक तो सीए संस्थेच्या संकेतस्थळावर तपासू शकते. 'सही आणून देतो' असं पार्टीला कधीही म्हणू नका.

म्हणून पहिली पार्टी येण्याआधी एका सीएशी बोलून ठेवा. ऑडिटचं बिल ते पार्टीला थेट देतील आणि पार्टीशी स्वतः बोलतील, एवढं ठरलं तरी पुढचे बरेच गैरसमज टळतात. बोर्डावर 'अकाउंटंट व जीएसटी सल्लागार' पुरेसं आहे. सनदी लेखापाल असल्याचा भास होईल असं काहीही लिहिणं १९४९ च्या सनदी लेखापाल कायद्याने गुन्हा ठरतं.

जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी याच टप्प्यात हाती घ्या. अर्ज पीसीटी-०१, वाणिज्य पदवीधर पात्र असतात, परीक्षा नासिन ही केंद्र सरकारची प्रशिक्षण संस्था घेते. पार्टीचा पासवर्ड वापरूनही रिटर्न भरता येतो आणि बहुतेक ऑफिसांत तसंच चालतं. पण मग पोर्टलवर जे काही होतं ते पार्टीने केलं असंच दिसतं. उद्या वाद झाला तर कोणी काय भरलं हे सांगायला तुमच्याकडे काही नसतं. प्रॅक्टिशनरचं लॉगिन वेगळं असतं. पार्टी तुम्हाला आपल्या खात्याशी जोडते आणि हवं तेव्हा काढते.

## टप्पा २: स्वतःचं घर आधी नीट करा

दुसऱ्यांना मुदतीची आठवण करून देणाऱ्यांचेच स्वतःचे कागद अर्धवट असतात. हे मी फार पाहिलं आहे. पुढची कामं एका आठवड्यात उरकतात:

1. धंद्याचं वेगळं बँक खातं. फी इथेच येईल, घरखर्च इथून होणार नाही.
2. शॉप अॅक्ट. २० पेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला फक्त सूचना द्यायची असते आणि ती ऑनलाइन होते.
3. व्यवसाय कराची पीटीईसी, म्हणजे स्वतःच्या नावाची, नोंदणी. वर्षाला २,५०० रुपये, मुदत ३० जून.
4. उद्यम नोंदणी. सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे, पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर बंद करा.

जीएसटी नोंदणी सेवेसाठी २० लाखांच्या उलाढालीपर्यंत बंधनकारक नाही. हौसेने आधीच घेऊ नका. तुमच्या फीवर १८ टक्के चढतील आणि कंपोझिशनमधल्या (उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या) किराणावाल्याला त्याचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळणार नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही सरळ १८ टक्क्यांनी महाग झालात.

तपासा: स्वतःचं फीचं बिल क्रमांकासह छापता येतं का? बिलावरचं बँक खातं धंद्याचं आहे का? दोन्ही 'हो' असेल तरच पुढे.

## टप्पा ३: टेबल-खुर्चीच्या आधी कॅलेंडर

तीन रकाने आखा. पहिला कायद्याच्या तारखेचा, दुसरा तुमचं काम संपण्याच्या तारखेचा, तिसरा कागद येण्याच्या तारखेचा. बहुतेकांच्या भिंतीवर फक्त पहिला असतो.

पहिल्या रकान्यात दर महिन्याला हे येतं:

- ७ : टीडीएसचा भरणा (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत)
- ११ : मासिक जीएसटीआर-१
- १३ : तिमाहीवाल्यांचा जीएसटीआर-१, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांत आयएफएफ (विक्रीची बिलं कळवण्याची सोय)
- १४ : जीएसटीआर-२बी (पुरवठादारांनी कळवलेल्या बिलांचा तक्ता) तयार होतो
- १८ : कंपोझिशनवाल्यांचा सीएमपी-०८ (कर भरण्याचं विवरण), तिमाहीनंतर
- २० : मासिक जीएसटीआर-३बी (कर भरण्याचा रिटर्न, पुढे नुसता '३बी')
- २२ : तिमाहीवाल्यांचा ३बी, महाराष्ट्रासाठी
- २५ : तिमाहीवाल्यांचा पहिल्या दोन महिन्यांचा कर, पीएमटी-०६ चलनाने

आता मागे मोजत या. विक्रीची बिलं ३ तारखेला, खरेदी आणि बँक स्टेटमेंट ८ तारखेला. ९ ला जीएसटीआर-१ तयार, १० ला भरून मोकळे. १४ ला २बी आला की १५-१६ ला खरेदीशी जुळवणी, १६ च्या संध्याकाळी पार्टीला कराची रक्कम, १८ ला चलन, १९ ला ३बी. २० तारीख रिकामी ठेवा, कारण त्या दिवशी पोर्टल संथ असतं आणि तुमचा जीव वर-खाली होतो.

एक जुनी सवय इथे मोडावी लागेल. 'आत्ता १ भरून टाकू, चुकलं तर ३बी मध्ये दुरुस्त करू' असं पूर्वी चालायचं. जुलै २०२५ च्या कालावधीपासून ३बी मधली विक्रीवरच्या कराची आपोआप आलेली रक्कम बदलता येत नाही. दुरुस्ती ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए या दुरुस्तीच्या फॉर्ममधूनच करायची. म्हणजे चूक ११ तारखेच्या आधी किंवा फार तर ११ ते २० च्या दरम्यान सापडायला हवी. उशिरा आलेल्या कागदांत ती सापडत नाही.

सावधान: तिमाही रिटर्न म्हणजे तिमाही कागद नव्हे. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीचे व्यापारी तिमाही योजनेत बसतात आणि तीन महिन्यांची पिशवी एकदम आणून ठेवतात. त्यांचेही कागद महिन्यालाच घ्या. तीन महिन्यांपूर्वीचं बिल कोणाचं होतं हे दुकानदारालाही आठवत नाही.

आयकराच्या तारखा या तक्त्यात वेगळ्या रंगाने लिहा. १ एप्रिल २०२६ ही आयकर अधिनियम, २०२५ लागू होण्याची तारीख. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि 'कर वर्ष' ही संज्ञा आली आहे. जुन्या ऑफिसातून कॉपी करून आणलेले पत्रांचे नमुने डोळे झाकून वापरू नका.

## टप्पा ४: पार्टीला 'हो' म्हणण्याआधीची तपासणी

पहिल्या पार्टीच्या आनंदात ही पायरी गळते. पार्टी समोर बसलेली असताना, तिच्याच लॉगिनने, अर्ध्या तासात एवढं बघा:

1. मागच्या १२ महिन्यांचे रिटर्न भरले आहेत का, आणि कधी.
2. नोटिसांचे दोन्ही रकाने, मुख्य आणि 'अॅडिशनल'. दुसरा उघडायचा राहून जातो आणि महत्त्वाची नोटीस नेमकी तिथे असते.
3. कॅश लेजर (पोर्टलवर भरलेले पैसे) आणि क्रेडिट लेजर (वजावटीचा कर) यांतली शिल्लक.
4. बँक खाती किती. 'एकच आहे' म्हणणाऱ्याला विचारा, दुकानातला क्यूआर कोड कोणत्या खात्याला जोडला आहे.
5. नोंदणीतला मोबाईल आणि ईमेल कोणाचा.

पाचव्या मुद्द्यावर थांबून सांगतो. सुरुवातीच्या काळात एका हार्डवेअरवाल्याच्या नोंदणीत मी माझाच नंबर आणि माझाच ईमेल घातला होता. ओटीपीसाठी दर वेळी फोन करायला नको, एवढाच विचार. पुढे पार्ट्या वाढल्या, त्या ईमेलवर रोज ढिगाने संदेश येऊ लागले आणि त्यातच त्याच्या नावाची नोटीस बुडाली. उत्तराची मुदत गेली. त्याला काही कळायचा मार्गच मी ठेवला नव्हता. भुर्दंड मी भरला, पण त्या माणसाला पुन्हा तोंड दाखवणं अवघड गेलं. नंबर आणि ईमेल पार्टीचाच असावा. आधीच्या अकाउंटंटचा असेल तर पोर्टलवर नॉन-कोअर (किरकोळ तपशिलांच्या) दुरुस्तीने पहिल्याच आठवड्यात बदलून घ्या. ओटीपीसाठी फोन करावा लागतो, हे ठीकच आहे. रिटर्न भरला जातो आहे हे त्यामुळे पार्टीला कळतं.

धंद्यानुसार आणखी एकेक प्रश्न असतो. ठेकेदार असेल तर विचारा, सरकारी बिलातून कापलेला २ टक्के जीएसटी टीडीएस पोर्टलवर स्वीकारला आहे का? अडीच लाखांवरच्या कंत्राटांत तो कापला जातो, पण 'टीडीएस-टीसीएस क्रेडिट रिसिव्ह्ड' मध्ये जाऊन स्वीकारल्याशिवाय कॅश लेजरला येत नाही. हक्काचे पैसे पडून आणि खिशातून कर भरणं चालू, असे ठेकेदार तुम्हाला भेटतील. पहिल्याच भेटीत ही रक्कम शोधून दिलीत तर तो माणूस तुम्हाला सोडणार नाही. कृषी सेवा केंद्र असेल तर बघा की बियाणं करमुक्त आणि खत-औषधं करपात्र असताना दुकानभाडं, वाहतूक अशा सामाईक खर्चावरचं क्रेडिट प्रमाणात उलटवलं (परत केलं) आहे का.

मागची थकबाकी निघाली तर तिची फी आणि मुदत वेगळी ठरवा. मासिक फीत ती कधीही घुसवू नका. जीएसटीचा रिटर्न मूळ मुदतीपासून ३ वर्षं उलटल्यावर भरताच येत नाही, म्हणून सगळ्यात जुना महिना आधी उपसा.

तपासा: आधीच्या अकाउंटंटला पार्टीने स्वतः कळवलं आहे का? टॅलीचा बॅकअप मिळाला आहे का? नुसत्या पीडीएफवर सुरुवात केली तर मागच्या वर्षीच्या उधारीच्या बाकी जुळवण्यातच पहिला महिना जाईल.

## टप्पा ५: फी आणि एक पानी पत्र

उलाढालीवरून फी ठरवणं ही सर्रास होणारी चूक आहे. दोन कोटींचा खतविक्रेता महिन्याला चाळीस खरेदी बिलं आणतो आणि साठ लाखांचं मेडिकल तीनशे. वेळ कशाला जाणार हे उघड आहे.

एका महिन्याची बिलं, बँकेच्या नोंदी आणि खाती मोजा. मग आपल्या तासाचा दर काढा. समजा ऑफिसचं भाडं ५,०००, वीज-इंटरनेट २,०००, सॉफ्टवेअर-छपाई ३,००० आणि घरी न्यायचे २६,०००. झाले ३६,०००. महिन्यात प्रत्यक्ष कामाचे १२० तास मिळतात असं धरा, बाकीचे फोन, ओटीपी आणि बँकेच्या रांगेत जातात. तासाला ३०० रुपये पडले. हार्डवेअरच्या दुकानाला ६ तास लागत असतील तर फी १,८००. शेजारचा ८०० मध्ये करतो असं पार्टी म्हणेल. म्हणू द्या. ८०० मध्ये तुम्ही २बी जुळवणार नाही आणि त्याचं क्रेडिट बुडेल, हे त्याला त्याच्याच आकड्यांनी दाखवा.

मावसभावाला किंवा मित्राला सवलत द्यायची तर बिलावर पूर्ण फी लिहून सवलत वेगळी दाखवा. पुढच्या वर्षी ती कमी करता येते. मुळातच कमी सांगितलेली फी वाढवायला तोंड उघडत नाही.

पत्र एका पानाचं असू द्या, मराठीत. त्यात कामांची यादी, यादीबाहेरच्या कामांचा उल्लेख (नोटिशीला उत्तर, कर्जाची फाइल, जुनी थकबाकी), फीची तारीख, आणि हे वाक्य जसंच्या तसं: 'कागद ठरल्या तारखेला मिळाले आणि रिटर्नला उशीर झाला, तर विलंब शुल्क मी भरेन. कागद उशिरा आले, तर ते तुमच्याकडे राहील.' विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, शून्य रिटर्नला २०, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, हेही लिहा. या एका वाक्याने कागद वेळेवर यायला लागतात. तुम्हीही बांधले जाता, म्हणून ते समोरच्याला पटतं.

सावधान: पार्टीच्या कराचे पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, 'तुम्हीच भरून टाका' असा आग्रह झाला तरी. चलन तयार करून पाठवा, ते १५ दिवस चालतं, पार्टी आपल्या बँकेतून भरेल. एकाचे पैसे दुसऱ्याच्या चलनाला वापरून 'उद्या टाकू' म्हणणं इथूनच सुरू होतं आणि त्यापायी बंद पडलेली ऑफिसं मी पाहिली आहेत.

## टप्पा ६: महिन्याच्या आतला क्रम

आधी बँक, मग विक्री, मग खरेदी, शेवटी किरकोळ खर्च. बँक आधी, कारण न सांगितलेलं बिल तिथेच सापडतं.

विक्रीत बिलांचे क्रमांक सलग आहेत का ते बघा. २१४ नंतर थेट २१६ असेल तर २१५ रद्द झालं की हरवलं हे विचारून लिहून ठेवा.

खरेदीत घाई करणारे २बी उतरवून सरळ त्याच नोंदी करतात. वेळ वाचतो, पण २बी मध्ये दुकानदाराच्या घरच्या फ्रिजचं बिलही त्याच्या जीएसटी क्रमांकावर आलेलं असतं, आणि त्याचं क्रेडिट चालत नाही. नोंद बिलावरून करा, २बी शी जुळवा. जुळलं नाही त्याची यादी १६ तारखेला पार्टीला द्या, म्हणजे तो पुरवठादाराला फोन करेल.

कागद व्हॉट्सअॅपवर येणार, ते थांबवता येणार नाही. मात्र प्रत्येक पार्टीचा वेगळा गट करा, फोटोऐवजी पीडीएफ मागा आणि रोज संध्याकाळी संगणकावर उतरवून महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवा. फोनमध्ये राहिलेलं बिल हरवलं असंच समजा.

भरण्याआधी शेवटची नजर:

- रोख शिल्लक कोणत्याही दिवशी उणे जाते का?
- सस्पेन्स (कशाच्या ते न कळलेल्या नोंदींच्या) खात्यात काही उरलं आहे का?
- क्रेडिट नोटा धरल्या का?
- आकड्यांचा गोषवारा पार्टीला पाठवून तिचा लेखी 'ठीक आहे' आला का?

शेवटचा मुद्दा आला नसेल तर भरू नका. फोनवरचा होकार सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहत नाही.

बॅकअप रोज, दोन ठिकाणी, त्यातलं एक ऑफिसबाहेर. महिन्यातून एकदा तो उघडून बघा. डिजिटल सहीचे टोकन कुलपात ठेवा आणि कधी आलं, कधी परत दिलं याची वही ठेवून सही घ्या. जीएसटीची वहीखाती वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात, हे पार्टीला पहिल्याच वर्षी सांगा, नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत बिलं रद्दीत जातात.

## टप्पा ७: वाढवायचं कधी

पहिले सहा महिने दहा-बारा पार्ट्यांवर थांबा. तेवढ्यांचे कागद ३ आणि ८ तारखेला यायला लागले की मगच पुढची घ्या. बारा जण उशीर करत असताना तेरावा घेतला तर तोही उशीर करायला शिकतो.

माणूस ठेवायची वेळ कशी ओळखायची? तुमच्या दुसऱ्या रकान्यातली तारीख सलग दोन महिने चुकली, आणि कागद मात्र वेळेवर आले होते, तर ती वेळ आली. कागदच उशिरा आले असतील तर माणूस ठेवून काही सुधारणार नाही, फक्त पगार वाढेल. नव्या माणसाकडे आधी नोंदी द्या. २बी जुळवणी आणि भरणं वर्षभर स्वतःकडे ठेवा. पगार देऊ लागलात की व्यवसाय कराची पीटीआरसी (कर्मचाऱ्यांसाठीची नोंदणी) तपासा: पुरुष कर्मचाऱ्याचा पगार महिना ७,५०० च्या वर गेला की कपात सुरू होते, महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे.

फी वाढ एप्रिलपासून करा, पत्र फेब्रुवारीत द्या. सोबत मागच्या वर्षी बिलं किती होती आणि आता किती आहेत हे दोन आकडे लिहा. एवढं पुरतं.

आणि एखादी पार्टी सोडावी लागते. वर्षात चार वेळा कागद १० तारखेनंतर आले, दोनदा पत्र दाखवून झालं, तरी फरक नाही, तर सोडा. तिच्यामुळे बाकी अकरा जणांची १६ तारीख हलते. सोडताना महिना अर्धवट टाकू नका, चालू रिटर्न पूर्ण भरा. टॅलीचा बॅकअप, मूळ बिलं आणि डिजिटल सही परत देऊन वहीत सही घ्या. पोर्टलवरचं प्रॅक्टिशनर म्हणून असलेलं नाव काढायला लावा. पासवर्ड तिथेच बसून पार्टीच्या हाताने बदलून घ्या आणि तुमच्या संगणकातला जुना तिच्यासमोर पुसा.